एका संगणक-खेळातील धर्मसंकट

संगणकावरील खेळ म्हटले की घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते आणि 'डोळे बिघडवून घेण्याचा उद्योग' एवढ्या शेऱ्यावर विषय संपतो. बहुतेक खेळांच्या बाबतीत तो शेरा अन्यायाचा आहे असे आम्हीही म्हणणार नाही. परंतु क्वचित एखादा खेळ असा निघतो की त्यात बोटांपेक्षा विवेकाला अधिक श्रम पडतात. आमच्या बोरगावात सुट्टीला आलेली काही महाविद्यालयीन मुले अशाच एका खेळावरून हमरीतुमरीवर आली होती. खेळ खेळावा कसा, एवढाच वाद. पण तो वस्तुतः पुराव्याचा वाद असल्यामुळे आम्हां वकिलांना त्यात तोंड घालण्याचा मोह आवरला नाही.

त्या खेळाचे नाव 'ब्लेड रनर'. लास वेगास येथील वेस्टवूड स्टुडिओज या संस्थेने तो १९९७ साली चार सीडींवर प्रसिद्ध केला. फिलिप के. डिक या अमेरिकन लेखकाची १९६८ सालची कादंबरी, तिच्यावरून रिडले स्कॉट यांनी १९८२ साली काढलेला चित्रपट, आणि त्या चित्रपटाच्या विश्वात घडणारी पण वेगळ्या नायकाची ही कथा. काळ २०१९ चा नोव्हेंबर, स्थळ लॉस एंजेलिस. करणाऱ्यांच्या दृष्टीने तो दूरचा भविष्यकाळ होता. आपल्या दृष्टीने तो केव्हाच मागे पडला. त्या कल्पित जगात हुबेहूब माणसासारखी कृत्रिम माणसे घडविली जातात, त्यांना राबविण्यासाठी परग्रहांवर पाठविले जाते आणि त्यांचे आयुष्य चार वर्षांचेच ठेवले जाते. त्यांपैकी कोणी पळून पृथ्वीवर आला तर त्याला शोधून ठार मारणे हे पोलिसांतील एका खास पथकाचे काम. या मारण्याला तेथे 'निवृत्त करणे' म्हणतात. ज्या शब्दाने आपल्याकडे हार-तुरे आणि निवृत्तिवेतन आठवावे, तो शब्द तेथे पिस्तुलाला लावला आहे! क्रूर कामाला सौम्य नाव देण्याची कला कोणत्याही राजवटीला शिकवावी लागत नाही.

खेळणारा या पथकातील रे मॅकॉय नावाच्या नवख्या गुप्तहेराच्या भूमिकेत शिरतो. त्या जगात खरे प्राणी जवळजवळ नामशेष झाले आहेत, म्हणून ते रत्नांच्या मोलाचे. आणि कथेचा आरंभ एका प्राणिविक्रेत्याच्या दुकानात झालेल्या प्राण्यांच्या कत्तलीने होतो. मग घटनास्थळी बारकाईने हिंडून वस्तू गोळा कराव्यात. सापडलेले छायाचित्र एका यंत्रात घालून त्याचा कोपरान् कोपरा मोठा करून पाहावा. आरशातील प्रतिबिंबात किंवा दाराआडच्या सावलीत एखादा चेहरा दडलेला असतो. जमलेला पुरावा नायकाच्या टिपणयंत्रात साठतो, आणि पोलीस ठाण्यातील मोठ्या संगणकाशी तो जोडला की इतर तपासनिसांच्या नोंदीही हाती येतात. माणसांशी बोलावे, पुन्हा बोलावे, आणि घाई करू नये. मुलांना पिस्तूल काढण्याची घाई फार; वास्तविक या खेळात पिस्तुलाचा उपयोग जितका कमी, तितकी कथा अधिक उलगडते.

येथपर्यंत हा खेळ बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजारकथेपेक्षा फारसा वेगळा वाटणार नाही. खरा भेद पुढे आहे. रहस्यकथेत गुन्हेगार कोण हे लेखकाने एकदाच ठरविलेले असते. शेवटचे पान आधी वाचणाऱ्या चावट वाचकाला ते कळते आणि ते कधी बदलत नाही. या खेळात मात्र प्रत्येक नव्या डावाच्या आरंभी संगणक स्वतःच फासे टाकून ठरवितो की संशयितांपैकी अमुक जण जन्मलेली माणसे आणि अमुक जण घडविलेली. टोळीचा नायक क्लोव्हिस याच्यासारखे दोनतीन जण नेहमीच कृत्रिम असतात. परंतु प्राण्यांच्या दुकानात काम करणारी ल्युसी ही कोवळी पोर, डेक्टोरा ही नर्तकी, गोर्डो हा विदूषक यांचे तसे नाही. काल ल्युसी कृत्रिम होती म्हणून आज ती तशीच असेल असे म्हणता येत नाही. बोरगावच्या मुलांचा वाद नेमका येथे होता. एकाने दुसऱ्याला आपल्या डावाचे उत्तर सांगितले, दुसऱ्याने त्यावर विसंबून गोळी झाडली, आणि मग तो 'तू मला फसविलेस' म्हणून भांडू लागला. आम्ही त्याला म्हटले, "बाबा रे, त्याने तुला फसविले नाही. दुसऱ्याच्या खटल्यातील साक्ष तू आपल्या खटल्यात वापरलीस."

मग प्रत्यक्ष डावात ओळखावे कसे? त्यासाठी गुप्तहेराजवळ एक चाचणीयंत्र असते. समोरच्याला प्रश्न विचारावयाचे, बहुधा प्राण्यांच्या किंवा माणसांच्या दुःखाविषयी, आणि यंत्राने त्याच्या डोळ्यातील बाहुलीची हालचाल टिपावयाची. ज्याला करुणेचा उमाळा वेळेवर येत नाही तो कृत्रिम. प्रश्न सौम्यही विचारता येतात आणि झोंबणारेही. फार झोंबणारे विचारले तर समोरचा बिथरतो आणि चाचणी निष्फळ ठरते. दुसऱ्याच्या करुणेचे माप घेणारा प्रश्नकर्ता स्वतः मात्र ठार मारण्याचा परवाना खिशात घेऊन बसलेला असतो. त्याच्या डोळ्यातील बाहुली कोणी पाहत नाही.

वाचक म्हणतील की या झाल्या कवीच्या कल्पना. तसे नाही. गुंगीच्या औषधाखाली विचारपूस, असत्यशोधक यंत्र आणि मेंदूतील लहरींचा आलेख ही तिन्ही साधने आपल्या देशातील तपासात वापरली गेली. २००८ साली पुण्यातील एका सत्र न्यायालयाने खुनाच्या खटल्यात अशा मेंदू-आलेखाला निकालात स्थान दिले, तेव्हा त्याची चर्चा परदेशी वृत्तपत्रांतूनही झाली. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या प्रकरणात निर्णय दिला की या चाचण्या कोणावरही सक्तीने करता येणार नाहीत. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नको हे घटनेच्या विसाव्या अनुच्छेदातील अभिवचन मनाच्या आतल्या कप्प्यालाही लागू आहे. १८७२ चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही हा जुना नियम कायम राहिला. परिस्थितिजन्य पुराव्याविषयी शरद बिर्धीचंद सारडा यांच्या १९८४ च्या निकालात न्यायालयाने पाच कसोट्या सांगून त्यांना पंचशील म्हटले. गुन्हा याने केला 'असेल' आणि 'असलाच पाहिजे' यांमधील अंतर काटेकोरपणे पार करावे लागते, हा त्यांतील पहिल्या कसोटीचा आशय. खेळातील मुले ते अंतर उडी मारून ओलांडतात. न्यायालयात पदवीधरही ओलांडताना आम्ही पाहिले आहेत.

परंतु हे सर्व ओळखण्याविषयी झाले. आमच्या मते खेळाचा गाभा त्यापुढे आहे, आणि तो समजण्यास वनपर्वातील नलोपाख्यान फार उपयोगी पडते. रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे आणि कीर्तनकारांमुळे मराठी श्रोत्यांना ते परिचित आहे. दमयंतीच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे देव नलाचे रूप घेऊन बसले. समोर पाच नल! तिने सत्याला स्मरून देवांची प्रार्थना केली, तेव्हा त्यांनी आपली चिन्हे प्रकट केली. चौघांना घाम नव्हता, पापणी लवत नव्हती, माळा सुकल्या नव्हत्या, पाय भूमीला टेकले नव्हते. पाचव्याला मात्र घाम होता, धूळ होती, सावली होती, माळ कोमेजलेली होती आणि त्याची पापणी लवत होती. तिने त्याला माळ घातली. दमयंतीची चाचणीही डोळ्याचीच होती. पण ती घेण्याचा हेतू वरण्याचा होता. जे माणूस ठरले नाहीत त्यांचे तिने काही वाकडे केले नाही, आणि तेही वर देऊन निघून गेले. लॉस एंजेलिसच्या कथेत तीच ओळख मृत्युदंडाची आज्ञा होते. हा कोण आहे हा एक प्रश्न, आणि त्याचे काय करावे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसरा आपोआप सुटला असे मानणे, यातच त्या जगाचे पाप आहे.

या प्रश्नाशी आपल्या समाजाचा संबंध दूरचा नाही. गोव्यात १५६० साली स्थापन झालेले इन्क्विझिशन १८१२ पर्यंत होते. १७३६ च्या फर्मानाने घरच्या तुळशीलासुद्धा निषिद्ध चिन्ह ठरविले. चिन्हावरून माणूस पकडणे म्हणजे काय, हे आपल्या पूर्वजांनी भोगले आणि त्याची आठवण आपण कुलदैवताच्या वाऱ्यांतून जपतो. ते योग्यच आहे. पण दुसरी एक आठवण आपण जपलेली नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या सुधारणेने तो देशभर पसरविला. विशिष्ट जमातीत जन्मला म्हणजे गुन्हेगार; हजेरी द्यावयाची, परवानगीवाचून हलावयाचे नाही, कित्येकांनी तारेच्या कुंपणात राहावयाचे. सोलापुरातील त्या वस्तीला अजून सेटलमेंटच म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, परंतु विहिरीवरची मोटार चोरीस गेली की आमच्यासारख्या गावांत पहिली नजर गावाबाहेरच्या पालांकडेच वळते. त्या वेळी पुरावा कोणता, असे विचारणारे आम्ही फार थोडे पाहिले, आणि त्यांत देवळाच्या सभामंडपात नित्य बसणारे तर आणखी थोडे.

यावर कोणी म्हणेल की खेळातील कृत्रिम माणसे निरपराध नाहीत; प्राण्यांची कत्तल त्यांच्याच टोळीने केली. मान्य आहे. मग खटला कत्तलीचा चालवावा. ज्याने केली त्याच्यावर चालवावा आणि तो कोणत्या कारखान्यात घडला हे आरोपपत्रात लिहू नये. ल्युसी माणूस असली तर निर्दोष आणि कृत्रिम असली तर वध्य, एकाच कृत्याचे हे दोन निकाल कोणत्या न्यायशास्त्रात बसतात? पुढे पुढे तर खुद्द मॅकॉयवरच संशय येतो की हाही त्यांच्यापैकीच आहे, आणि तोवर खेळणाऱ्याने वाटेल त्याला गोळ्या घातल्या असतील तर त्याला तो संशय फार जड जातो.

ज्यांना हा खेळ पाहावयाचा असेल त्यांना तो आजही मिळतो. त्याची मूळ संगणकसंहिता हरवली होती. हौशी जाणकारांनी चिकाटीने उलगडा करून २०१९ साली तो नव्या यंत्रांवर चालता केला, आणि आम्हांला तीच आवृत्ती पसंत आहे. आरंभीच झुबेन नावाचा स्वयंपाकी पळतो. त्याच्या बाबतीत फासे पडत नाहीत. तो नेहमीच कृत्रिम असतो. अंधाऱ्या गल्लीत तो समोर येतो, त्याला मारल्यास पैशांचे बक्षीस आहे, आणि मुले हटकून तेथे गोळी झाडतात. पिस्तूल खाली घेण्याची मोकळीक मात्र खेळाने ठेविली आहे. बक्षीस बुडते, झुबेन गल्लीतून निसटतो, आणि प्राण्यांच्या दुकानातील गुन्ह्याचा तपास जेथे होता तेथून पुढे चालू राहतो.