विश्वासाने उद्धार आणि रोजचा व्यवहार



पिंपरीपासून भोसरी, मोशी, चाकणपर्यंतच्या आपल्या कामगार वस्त्यांत रविवारी सकाळी दोन आवाज ऐकू येतात. एका गल्लीतून बुद्धवंदना आणि दुसऱ्या गल्लीतल्या पत्र्याच्या खोलीतून ख्रिस्ती प्रार्थना. दोन्हीकडची माणसे अहिल्यानगर-मराठवाड्याकडून पोटासाठी आलेली, आणि पुष्कळांचे आजे-पणजे एकाच गावकुसाबाहेर राहिलेले. त्या प्रार्थनेत एक विचार पुन्हा पुन्हा सांगितला जातो, की मनुष्य आपल्या कृत्यांनी नव्हे तर विश्वासाने देवापुढे नीतिमान ठरतो. आपले तरुण हे ऐकून हसतात. म्हणतात, छान सोय आहे ! आठवडाभर काहीही करा, रविवारी विश्वास ठेवा, झाले मोकळे.

हसणे सोपे आहे. परंतु बाबासाहेबांनी १९३५ च्या येवल्याच्या घोषणेपासून १९५६ पर्यंत एकवीस वर्षे धर्मांचा अभ्यास केला, तो हसण्यासाठी नव्हे. ज्या समाजाने स्वतः धर्मांतर केले, त्याने शेजाऱ्याने धर्मांतर कशासाठी केले हे नीट समजून घेतले पाहिजे.

हा सिद्धांत प्रथम कोठे उभा राहिला ? वाचकांना आश्चर्य वाटेल, पण तो पंगतीच्या भांडणात उभा राहिला. अंत्युखिया नावाच्या शहरात यहुदी आणि बिगर-यहुदी ख्रिस्ती एकत्र जेवत असत. येशूचा पट्टशिष्य पेत्र हाही त्यांच्यात बसे. पुढे यरुशलेमहून याकोबाकडची काही कर्मठ मंडळी आली, आणि त्यांच्या भीतीने पेत्र बिगर-यहुद्यांच्या पंगतीतून उठला. पौलाने त्याला सर्वांदेखत धारेवर धरले. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ही हकीकत आहे, आणि तिला लागूनच हा सिद्धांत मांडलेला आहे : नियमशास्त्रातील कर्मांनी कोणी नीतिमान ठरत नाही, विश्वासाने ठरतो. म्हणजे सुंता, खाण्यापिण्याचे विधिनिषेध, सोवळे-ओवळे यांवरून कोणाला पंगतीत घ्यायचे हे ठरवता येणार नाही. महाडच्या पाण्यासाठी लढलेल्या लोकांना हे भांडण परके वाटण्याचे कारण नाही. ते रोटीबंदीचेच भांडण होते !

पुढे जर्मनीत मार्टिन ल्यूथरच्या हाती हा विचार आला तेव्हा त्याचे रूप पालटले. १५१७ साली त्याने पापमुक्तीची पत्रे विकणाऱ्या चर्चला आव्हान दिले. पैसे देऊन पुण्य विकत घेता येते या कल्पनेवरचा तो घाव होता, आणि तो योग्यच होता. पण पौलाचा प्रश्न पंगतीचा होता, ल्यूथरचा प्रश्न स्वतःच्या टोचणाऱ्या मनाचा होता. आपल्याकडे मिशनऱ्यांनी जो आणला तो मुख्यतः हा दुसरा, मनाच्या कोठडीतला विचार. पंगत मागे पडली. आमच्या मते पुढचा बराच घोटाळा येथून सुरू होतो.

आता कर्माच्या हिशेबाकडे वळू. "जसे कर्म तसे फळ" हे ऐकायला न्याय्य वाटते. पण ही खातेवही आपल्या पूर्वजांच्या बाबतीत कोणी लिहिली ? मागच्या जन्मी पाप केले म्हणून या जन्मी महार-मांग झालास, असे सांगणारी ती वही होती. ज्याने काहीच केले नाही त्याच्या नावावर कर्ज, आणि ज्याने काहीच केले नाही त्याच्या नावावर पुण्य. आज ही वही गेली असे समजू नका. तिचे नवे नाव गुणवत्ता. माझ्या घरात विद्यापीठाची पदवी घेणारी मी पहिली. ती पदवी मिळाल्यावर माझे मार्क किती हे विचारण्याआधी जातीचा दाखला कोणता हे विचारणारे लोक मी पाहिले आहेत. अशा ठिकाणी, तुझी किंमत तुझ्या खात्यावर अवलंबून नाही, तू आधीच स्वीकारलेला आहेस, असे कोणी सांगितले तर त्या शब्दांत किती बळ असेल याचा विचार करा. चाकणच्या एखाद्या शेडमध्ये दर सहा-सात महिन्यांनी ब्रेक खाणारा, तासाला किती पीस काढले यावरून मोजला जाणारा मुलगा ते ऐकतो तेव्हा तो मूर्ख नसतो.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. संस्कृत शास्त्रे तोंडपाठ असलेल्या या बाईंनी पुढे लिहून ठेवले की, शास्त्रांची आपसात कितीही मतभिन्नता असली तरी स्त्रिया आणि शूद्र यांच्या हीनपणाविषयी त्यांचे एकमत होते. पुण्याच्या बाजारात ज्यांना दुकानातच शिरू देत नाहीत त्यांनी पुण्य कमवायचे कसे ? १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की, तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. मुक्ती फुकट आहे, आपल्या लायकीवर नाही, ही खात्री त्यांना आठेक वर्षांनी पटली. मग त्या स्वस्थ बसल्या काय ? १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा आणल्या, आणि आपल्याच पुणे जिल्ह्यातील केडगावला त्यांना घर दिले, हातमाग आणि छापखान्याचे काम शिकवले. फुकट मिळालेल्या मुक्तीने त्यांना आळशी केले नाही. हे आपल्या हसणाऱ्या तरुणांनी ध्यानात घ्यावे.

लक्ष्मीबाई टिळकांची तऱ्हा याच्या उलट. नवरा १८९५ साली ख्रिस्ती झाला तरी त्या सोवळे धरून राहिल्या. नंतर जात ही माणसाची करणी आहे असे त्यांच्या मनाने घेतले आणि त्यांनी शिवाशीव सोडली, कोणाच्याही हातचे खायला-प्यायला लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर. म्हणजे येथे कृत्य पुढे आणि विश्वास मागे. सिद्धांताची पुस्तके काहीही म्हणोत, माणसे अशी दोन्ही दारांनी आत येतात.

आता रोजचा व्यवहार. माझ्या वर्गातील एका मुलीचे वडील कंत्राटी कामगार. त्यांच्या पगारातून पी. एफ. कापला गेला, पण मोबाईलवर पासबुक पाहिले तर तीन महिने रक्कम जमाच नाही. कंत्राटदार मोठा धार्मिक. त्याचा धर्म कोणता हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण असे कंत्राटदार सर्व धर्मांत आहेत. समजा तो ख्रिस्ती आहे, त्याने रविवारी गुडघे टेकून पश्चात्ताप केला आणि देवाने क्षमा केली. पैसे कोणाचे गेले ? त्या बापाचे. मग क्षमा करणारा देव त्याला विचारत का नाही ?

हा प्रश्न मी त्या मुलीच्या आईला विचारला. त्या ख्रिस्ती आहेत. त्या म्हणाल्या, "बाई, जक्कयाची गोष्ट वाचा." लूकच्या शुभवर्तमानात जक्कय हा लुबाडणारा जकातदार आहे. येशू त्याला हिशेब न विचारता त्याच्या घरी उतरतो, आणि त्यानंतर जक्कय उठून म्हणतो की, ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करीन. उत्तर मोठे आहे. कृत्य ही मुक्तीची किंमत नव्हे, मुक्तीची खूण आहे, असे ल्यूथरही म्हणत होता. कृत्यावाचून विश्वास निर्जीव, असे बायबलातच याकोबाच्या पत्रात आहे. ल्यूथरला ते पत्र फारसे आवडत नसे हा भाग वेगळा. या प्रश्नावर शतकानुशतके भांडलेल्या कॅथलिक आणि ल्यूथरपंथीयांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, त्याचाही आशय साधारण हाच. पण जक्कयाने चौपट परत केले नाही तर ? खूण दिसली नाही तर झाडाला जाब कोण विचारणार ? येथे सिद्धांत मुका होतो.

बाबासाहेबांचा आक्षेप याहून खोल होता. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवरचे त्यांचे लेखन महाराष्ट्र शासनाने १९८९ साली पाचव्या खंडात छापले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : अस्पृश्याला आपली दुर्दशा समाजरचनेमुळे झाली हे कळत होते, चर्चने त्याला शिकवले की माणसाचे पतन त्याच्या पापामुळे झाले. मग तो समाजाशी लढेल कशाला ? तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या ख्रिस्ती दफनभूमीत जातीची भिंत उभी राहिली. एकाच विश्वासाने नीतिमान ठरलेले लोक मेल्यावरही भिंतीच्या दोन बाजूंना. पौल असता तर त्याने पेत्राला विचारले तेच विचारले असते. आणि सरकारचे पाहा. १९५० च्या आदेशानुसार दलिताने ख्रिस्तावर विश्वास ठेवला की तो अनुसूचित जातीत राहत नाही. गावाने मात्र तसे कधी धरले नाही. बौद्धांना हा हक्क १९९० साली मिळाला, ख्रिस्ती बांधव अजून वाट पाहत आहेत.

आपले काय ? तथागत मार्गदाता आहेत, मोक्षदाता नाहीत. आपले खाते कोणी दुसरा मिटवून देणार नाही. येथपर्यंत आपण ताठ मानेने बोलतो. पण अंगुलिमालाची कथा आपण अर्धीच सांगतो. भगवंतांनी त्या खुनी माणसाला आधी संघात घेतले, त्याच्याकडून चांगल्या वर्तनाचा दाखला मागितला नाही. नंतर भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालावर लोकांनी दगड मारले, तो रक्तबंबाळ परत आला, तेव्हा भगवंतांनी त्याला ते सोसायला सांगितले. स्वीकार आधी, आणि केल्याचे परिणामही चुकले नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच कथेत आहेत. पौलाच्या शिष्यांनी दुसरी गोष्ट विसरू नये आणि आपण पहिली विसरू नये.

कारण पहिली आपण विसरलो आहोत. आपल्या वस्तीत बावीस प्रतिज्ञा घेऊन पुन्हा दारूकडे वळलेले पुष्कळ आहेत. पत्र्याच्या खोलीतले ख्रिस्ती लोक अशा माणसाला हाताला धरून आत नेतात, त्याच्या बायकोला भाकरी देतात. आपली विहार समिती त्याचे नाव वर्गणीच्या यादीतून काढते. दर २५ डिसेंबरला आपण देहूरोडला जातो. १९५४ साली त्या दिवशी बाबासाहेबांनी तेथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्याच सकाळी शेजारच्या गल्लीत नाताळची गाणी चालू असतात. मागच्या वेळी आपल्या बसमध्ये असा एक गृहस्थ येऊन बसला. प्यायलेला नव्हता, अंघोळ करून पांढरा सदरा घालून आला होता. दोघांनी त्याला खाली उतरवले. पुढच्या रविवारी त्याची बायको मुलांना घेऊन प्रार्थनेच्या खोलीत गेलेली मी पाहिली. समितीच्या येत्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे, आणि त्या दोघांनीही बैठकीला यावे अशी विनंती त्यांना लेखी केली आहे.