फळ्यावरची बातमी

शाळेत नवा फळा आला आणि जुना अडगळीत जाणार होता. बाईंनी तो उचलून पाराजवळच्या भिंतीला टांगला. तारीख होती 6 जानेवारी, म्हणजे पत्रकार दिन. 1832 साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं, तेव्हा ते विशीच्या आसपासचे होते. बाई नववी-दहावीच्या मुलांना म्हणाल्या, “विशीतल्या पोरानं मराठीत पहिलं वृत्तपत्र काढलं. तुम्ही गावाला एक फळा चालवून दाखवा.”

मुलांनी फळ्याला नाव दिलं ‘गावचा आरसा’. रोज संध्याकाळी सायली आणि इरफान खडू घेऊन यायचे. एसटीची बदललेली वेळ, बाजारातला कांद्याचा भाव, लसीकरणाचा दिवस, कुणाची हरवलेली शेळी. म्हातारी माणसं नातवंडांकडून वाचून घेऊ लागली. फळ्यावर आलं म्हणजे खरं, असं गाव मानू लागलं.

श्रावणाच्या तोंडाला शेवटच्या वस्तीत जुलाब सुरू झाले. पाच घरांत माणसं आजारी पडली. सायलीच्या धाकट्या भावाला सलाईन लावावं लागलं. रात्रभर आईबरोबर दवाखान्यात बसलेली सायली दुसऱ्या दिवशी थेट फळ्यापाशी आली आणि तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं : ‘जलसुरक्षक टाकीत टीसीएल टाकत नाहीत. पोरं आजारी पडली, जबाबदार कोण?’

कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला. तासाभरात तो गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरला. रात्र व्हायच्या आत पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्यांपर्यंतही पोहोचला.

जलसुरक्षक म्हणजे रंगनाथतात्या. पाणी शुद्ध करणारी टीसीएल पावडर टाकायला पंधरा वर्षं पहाटे टाकीची शिडी चढणारा माणूस. सकाळी ते पारावर आले. फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. सायली शाळेला निघाली होती, तिला त्यांनी हाक मारली.

“सायले, रात्री माझ्या लेकीचा फोन आला सासरवरनं. ‘दादा, तुमच्यामुळं पोरं आजारी पडली म्हनत्यात, खरं हाय का?’ असं इचारलं तिनं. मी रोज पावडर टाकतो, पोरी. मला एकदा इचारायचं तरी हुतंस.”

सायलीला उत्तर सुचलं नाही. वर्गात बाईंनी तिला फक्त एक प्रश्न विचारला, “टीसीएल टाकत नाहीत, हे तुला कसं कळलं?”

“सगळे म्हणत होते, बाई.”

“सगळे म्हणजे कोण कोण? नावं सांग.”

सायलीनं तीन नावं सांगितली. तिघांपैकी एकानंही कधी टाकीत डोकावलेलं नव्हतं.

“मग तू ऐकीव गोष्ट लिहिलीस. आता खरी बातमी शोध.”

दुपारी उपकेंद्रातल्या आरोग्यसेवकांना घेऊन मुलं वस्तीतल्या शेवटच्या नळावर गेली. आरोग्यसेवकांनी पाण्यातलं क्लोरीन तपासायची ओटी टेस्ट कशी करायची ते दाखवलं. छोट्या काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे, हलवायचं. पाण्यात क्लोरीन असेल तर रंग पिवळा येतो. शेवटच्या नळालाही दर लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असायला हवं. इरफाननं नळी उन्हाकडे धरली. पाणी नितळच राहिलं. मग मुलांनी टाकीजवळच्या नळाचं पाणी घेतलं. तिथंही रंग आला नाही.

“बघा, टाकतच नाहीत!” मागून एक मुलगा म्हणाला.

सायली या वेळी गप्प राहिली. ती तात्यांकडे गेली आणि म्हणाली, “तात्या, पावडर कुठं ठेवता ते दाखवता का?”

ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत तात्यांनी दार उघडलं. पत्र्याला भोक पडलं होतं आणि बरोबर त्याच्याखाली टीसीएलची पिशवी तोंड उघडं टाकून ठेवलेली होती. आतल्या पावडरीची ढेकळं झाली होती. आरोग्यसेवकांनी एक ढेकूळ सायलीपुढं धरलं. “हुंगून बघ.” ताजी पावडर नाकाला झोंबते. या ढेकळाला ओल्या चुन्यासारखा वास होता.

चांगल्या टीसीएलमध्ये साधारण 33 टक्के क्लोरीन असतं. पिशवी उघडी राहिली, ओल लागली, की ते उडून जातं, आणि 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये असा दंडक आहे. तात्या रोज बादलीत पावडर कालवत होते, निवळी टाकीत ओतत होते. पण त्या निवळीत औषध उरलंच नव्हतं. छपराच्या दुरुस्तीसाठी तात्यांनी दोनदा तोंडी सांगितलं होतं. तोंडी सांगितलेलं कुठंच नोंदलं गेलं नव्हतं.

सायली त्या संध्याकाळी फळ्यापाशी आली तेव्हा पार भरलेला होता. तिनं जुनी ओळ पुसली आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहिलं : ‘आमची चूक झाली. रंगनाथतात्या रोज टीसीएल टाकतात. आम्ही त्यांना न विचारता लिहिलं. पावडर ओल लागून निकामी झाली आहे. नवी येईपर्यंत पाणी उकळून प्या.’ खाली स्वतःचं नाव लिहिलं. ही ओळ तीन दिवस कुणी पुसायची नाही असं मुलांनी ठरवलं.

पण पहिला फोटो जिथं जिथं गेला होता, तिथं तिथं दुसरा गेला नाही. आरोप पुढं पाठवायला लोकांना घाई असते, दुरुस्ती पुढं पाठवायला नसते, हे मुलांना त्या आठवड्यात कळलं. मग ती एकेका ग्रुपवर, एकेका घरी गेली. तात्यांच्या लेकीला सायलीनं स्वतः फोन लावला. “ताई, मी ते लिहिलं होतं. ते खोटं होतं,” एवढं बोलताना तिचा आवाज कापला. पलीकडून थोड्या वेळानं उत्तर आलं, “दादांना जेवायला सांग. दोन दिवस नीट जेवले नाहीत ते.”

काम मात्र अजून बाकी होतं. 15 ऑगस्टला ग्रामसभा होती. सभेला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यांतली जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. गावची मागची सभा तेवढी माणसंही न आल्यानं तहकूब झाली होती. मुलांनी आठ दिवस फळ्यावर एकच बातमी ठेवली : ‘15 ऑगस्ट, सकाळी झेंडावंदनानंतर ग्रामसभा. विषय : आपलं पिण्याचं पाणी.’

सभेला समाजमंदिर भरलं. सायली पंधरा वर्षांची, तिला मत नव्हतं. इरफानची बहीण सना त्याच वर्षी अठराची झाली होती, मतदार यादीत तिचं नाव आलं होतं. मुलांनी केलेल्या तपासण्यांचा कागद घेऊन ती उभी राहिली. गावच्या सभेत ती पहिल्यांदाच बोलत होती. तिनं कुणाला दोष दिला नाही. मागण्या तीन ठेवल्या : छपराची दुरुस्ती, पावडरीला घट्ट झाकणाचा डबा आणि त्यावर आणल्याची तारीख, दर सोमवारी शेवटच्या नळाची ओटी टेस्ट. सरपंचताईंनी ठराव वाचला, हात वर झाले, ग्रामसेवकांनी वहीत नोंद केली. तात्या मागच्या रांगेत बसले होते. पहिला हात त्यांचा वर गेला.

महिन्याभरात छप्पर झालं. दर सोमवारी तात्या आणि मुलं मिळून नळी उन्हाला धरतात आणि पिवळा रंग आला की नाही ते फळ्यावर लिहितात. बाईंनी फळ्याच्या चौकटीवर रंगानं दोन ओळी लिहून घेतल्या आहेत :

विचारल्याशिवाय लिहायचं नाही.
लिहून थांबायचं नाही.

मुलांनो, आज तुमच्यातल्या प्रत्येकाच्या हातात त्या फळ्यापेक्षा कितीतरी मोठा फळा आहे. गावातलं चुकलेलं जरूर लिहा, निर्भयपणे लिहा. पण ज्याचं नाव लिहिणार त्याच्या दारात आधी जा. आणि लिहून झालं की मोबाईल खिशात ठेवून ग्रामसभेला चला. गाव बदलतं ते तिथल्या वहीत ठराव चढल्यावर.