कच्ची वही

चि. सोनूस,


परवा फोनवर तू रडत होतीस, म्हणून मी नुसतं ऐकून घेतलं. आता दोन दिवस झाले, तेव्हा लिहायला बसले. तू स्वतः लिहिलेला इंग्रजी निबंध बाईंनी कुठल्याशा ॲपमध्ये घातला, ॲपने तो यंत्राचा ठरवला आणि सगळ्या वर्गासमोर तुला उभं राहावं लागलं. हे चुकलंच. ३४ वर्षं मराठी शिकवलेली बाई म्हणून सांगते, असल्या ॲपच्या भरवशावर कुणाही मुलाला चोर ठरवू नये.

चॅटजीपीटी लोकांच्या हाती आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला. ते काढणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच पुढे यंत्राचं लिखाण ओळखणारं एक साधनही काढलं होतं. कंपनीच्याच चाचणीत यंत्राच्या शंभर मजकुरांपैकी जेमतेम २६ त्याला ओळखता आले, आणि माणसांनी लिहिलेल्या शंभरातले ९ त्याने यंत्राच्या नावावर टाकले. जुलै २०२३ मध्ये कंपनीने ते बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही, अशांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले निम्म्याहून जास्त निबंध त्या साधनांनी यंत्राचे ठरवले. कारण समजून घे. शिकून आलेलं इंग्रजी आपण जपून लिहितो. ओळखीचे शब्द, सरळ वाक्यं. आणि पुढचा शब्द सहज ओळखता येणं, हीच त्या साधनांच्या लेखी यंत्राची खूण. म्हणजे तू नीटनेटकं लिहिलंस, तेच तुला नडलं.

पण एकट्या बाईंना दोष देऊ नकोस. हेच मी केलंय, तेही कुठलं ॲप हाताशी नसताना.

पाथर्डी तालुक्यात असतानाची गोष्ट. आठवीत एक मुलगा होता. आईवडील ऊसतोडीला जायचे, तोही दिवाळीनंतर त्यांच्याबरोबर जायचा आणि उन्हाळ्यात परत यायचा. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, अक्षर वेडंवाकडं. त्याने ‘पहाट’ या विषयावर निबंध लिहिला. कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर, साचलेलं दव, मोळ्या भरताना बैलांच्या नाकातून निघणारी वाफ, अंधारात एकामागून एक ऐकू येणारे कोयते. मी वाचलं आणि लाल शाईने खाली लिहिलं, ‘कोठून उतरवलेस?’

मधल्या सुट्टीत तो वही घेऊन आला. बोलला काहीच नाही. बाहेर जाऊन लांब गवताच्या दोन मुठी उपटून आणल्या, शेंड्याला शेंडा लावून पीळ दिला, आणि माझ्या टेबलावरची पट्टी, नकाशाची काठी, फूटपट्ट्या सगळं एकत्र करून त्याला गच्च बंध घातला. म्हणाला, “उसाच्या मोळीला वाढ्याचा बंद असा घालत्यात, बाई.” मी त्याच्या देखत तो शेरा खोडला. पण वही वाटताना शेजारच्या मुलांनी तो आधीच वाचला होता. ते मला अजून लागतं.

खरं-खोटं कळायला पाच मिनिटं लागली. समोर बसवून नुसतं विचारायचं होतं.

आता तुझंही सांगते, कारण तूही अंगाला लावून घ्यायला हवं. गेल्या मे महिन्यात तू ‘१९७२ चा दुष्काळ’ हा प्रकल्प माझ्याच घरी बसून केलास. ॲपला विचारलंस, चार पानं आली, तू ती सुवाच्य अक्षरात उतरवलीस. पावसाची तूट होती, रोजगार हमी योजना होती, वि. स. पागे यांचं नाव होतं, १९७७ चा कायदा होता. चूक काही नव्हती. पण बाहेरच्या खोलीत आजोबा बसले होते, सोनू. त्या साली ते सतरा वर्षांचे होते आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. दुपारी सुकडी मिळायची, घरी परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी. तू त्यांना एकही प्रश्न विचारला नाहीस. आणि तुझ्या शाळेनेही ‘घरातल्या मोठ्यांना विचारून या’ असं सांगितलं नव्हतं. यंत्र वापरलंस याहून मला याचंच जास्त वाईट वाटलं.

न विचारता उतरवून काढायची ही सवय आम्हा शिक्षकांनीच लावली. ‘मी पाहिलेला अपघात’ हा निबंध वर्षानुवर्षं गाईडमधून उतरून यायचा, साऱ्या वर्गाच्या वह्यांत तोच चौक आणि तोच ट्रक. आम्ही शुद्धलेखन तपासलं, गुण दिले. अपघात खरंच कुणी पाहिलाय का, हे विचारलं नाही. यंत्र त्याच वाटेने आत आलं.

बंदीने काही साधत नाही. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांनी जानेवारी २०२३ मध्ये शाळेच्या संगणकांवर आणि नेटवर्कवर चॅटजीपीटी बंद केलं आणि मे महिन्यात ती बंदी मागे घेतली. शाळेत बंद केलेली गोष्ट घरी आईच्या मोबाइलवर चालूच राहते. ज्याच्या घरी तसा मोबाइल नाही, बंदी त्याच्यापुरतीच उरते.

मला विचारशील तर शाळेने कच्ची वही परत आणावी. पहिला खर्डा वर्गातच लिहायचा, बाई बाकांमधून फिरत असताना, पेन्सिलीने, खाडाखोड करत. ती खाडाखोड म्हणजेच विचार. तिला गुण असावेत. पक्कं पान घरबसल्या विकत किंवा फुकट मिळतं, खाडाखोड मिळत नाही. मग नववी-दहावीच्या मुलांनी हवं तर यंत्राला विचारावं, ‘माझं इंग्रजी कुठं चुकलं?’ आणि काय विचारलं, त्यातलं काय घेतलं, ते त्याच वहीत लिहावं. लहान वर्गांत मात्र हे नकोच. युनेस्कोनेही २०२३ च्या मार्गदर्शनात वर्गात अशी साधनं वापरायला किमान वय १३ सुचवलंय. आणि शेवटी प्रत्येकाने आपलं लिहिलेलं बाईंना तोंडी सांगावं.

हे सोपं नाही, ठाऊक आहे मला. वर्गात साठ मुलं असली तर एकेकाला पाच मिनिटं म्हणजे पाच तास होतात. त्यात निवडणुकीच्या याद्या, सर्वेक्षणं, रोज भरायची ऑनलाइन माहिती. ॲप हाताशी धरणाऱ्या बाई आळशी नसतात, त्यांना वेळच उरू दिलेला नसतो. म्हणून चोर पकडणाऱ्या ॲपवर पैसा घालण्यापेक्षा वर्गातली मुलं कमी करा आणि शिक्षकाच्या मागची ही कामं काढा, असं मी आमच्या शिक्षकांच्या सभेत दरवेळी उठून सांगते.

सोमवारी बाईंना भेट. सगळ्यांसमोर नको, मधल्या सुट्टीत. त्या निबंधाचे पहिले कागद तुझ्या दप्तरात असतील, ते घेऊन जा आणि म्हण, “बाई, मला यातलं काहीही विचारा.” बाबांना मध्ये आणू नकोस, आधी तू बोल.

दिवाळीला येशील तेव्हा कोरी वही घेऊन ये. आजोबांनी कालच माळ्यावरून त्यांची जुनी छिन्नी काढून पुसून ठेवलीय. दगड शीर बघून कसा फोडायचा ते फोनवर सांगता येत नाही म्हणतात, अंगणात बसून दाखवणार आहेत.

तुझी,
आजी