म्हातारपणी आता काय करायचंय?

२००३ साली मेलबर्नमधल्या तीसेक मित्रांनी नोव्हेंबरभर मिशा राखल्या. पुढच्या वर्षी त्याच मिशांच्या निमित्ताने प्रोस्टेट कॅन्सरसाठी पैसे जमले आणि ‘मोव्हेंबर’ जगभर पसरलं. आपल्याकडे मिशीला पीळ द्यायला निमित्त लागत नाही. लघवीचा विषय काढायला मात्र धीर लागतो. रात्री चार वेळा उठावं लागतं, धार बारीक झालीय, हे गडी बायकोलाही सांगत नाही. वय झालं, म्हणतो. बहुतेकदा ते खरंही असतं. प्रोस्टेट ग्रंथी वयाबरोबर वाढते आणि ती वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. खरा कॅन्सर सुरुवातीला बहुधा त्रासच देत नाही. कंबर दुखते म्हणून तेल चोळून घेणाऱ्या काहींच्या हाडांत तो तोवर पोचलेला असतो.

मग शिबिरं भरतात, प्रोस्टेटसाठी पीएसएची रक्ततपासणी फुकट होते. पीएसए वाढला म्हणजे कॅन्सरच, असं नाही. ही तपासणी सरसकट करावी का, यावर अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनेही २०१२ साली ‘नको’ म्हटलं आणि २०१८ साली ‘५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून ठरवा’ असा सूर लावला. आपल्या मंडपात तेवढं बोलायला वेळ कुणाला असतो? आकडा लिहिलेला कागद हातात पडतो. पुढची बायोप्सी, मुंबईची खेप, राहायची सोय हे ज्याचं त्याने बघायचं. अशा वेळी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते, त्याचं मोल मला भाषणांपेक्षा जास्त वाटतं.

हे रुग्ण ज्यासाठी मुंबई गाठतात, ते परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. त्याच वर्षी शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिलं, की पुरुषी संप्रेरकाचा पुरवठा तोडला की पसरलेला प्रोस्टेट कॅन्सरही मागे हटतो. १९६६ साली त्यांना नोबेल मिळालं. तो पुरवठा तोडायच्या आज दोन ठळक वाटा आहेत: दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन, नाहीतर एकदाच शस्त्रक्रिया करून वृषण काढणं. रोग आवरायला दोन्ही सारख्याच. फरक आहे तो खर्चात, आणि माणसाला स्वतःविषयी काय वाटत राहतं त्यात.

ज्याच्याकडे पैसे नाहीत तो म्हणतो, “काढून टाका, डॉक्टर. म्हातारपणी आता काय करायचंय?” मुलगा खाली बघतो. संमतीपत्रावर सही होते. कुणी विचारपूर्वक शस्त्रक्रिया निवडली तर त्यात वावगं काही नाही, शहाणपणच आहे. पण ही सही इंजेक्शनांचा हिशेब मनात मांडून झालेली असते. वर आपण सगळे सुटकेचा निःश्वास टाकतो, कारण सत्तरीच्या माणसावर फार खर्च करू नये असं न बोलता आपणही ठरवलेलं असतं. लहान मुलाच्या फोटोखाली देणगी पटकन जमते. धोतर नेसलेल्या आजोबांचा फोटो कुणी छापतही नाही.

उपचारांच्या खर्चाला राज्य सरकारच्या महात्मा फुले योजनेचा मोठा आधार आहे, ट्रस्टही मदत करतात. ट्रस्टच्या अर्जांत उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, खर्चाचा अंदाज असं सगळं मागतात. पैशांची अडचण नसती तर कोणता उपचार घेतला असता, असा रकाना मात्र मी कुठल्याही अर्जात पाहिलेला नाही.