छप्पर उभे राहिले, मुले परतली का?



3 जून 2020 चा दिवस कोकण विसरलेले नाही. रमजान ईद होऊन जेमतेम आठ-दहा दिवस झाले होते. टाळेबंदीमुळे ईदची नमाजही लोकांनी घरीच अदा केली होती. त्या दिवशी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड आणि पलीकडच्या मंडणगड, दापोली तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या केल्या. घरांची कौले उडाली, तशीच शाळांची छपरेही उडाली. वर्गांत पावसाचे पाणी शिरले, पुस्तके भिजून गेली. अनेक गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. शहरांतील मुले मोबाइलवर धडे गिरवू लागली होती, तेव्हा येथे मोबाइल चार्ज करण्याचीही सोय नव्हती.

सूरह अल-बकराच्या 155 व्या आयतीत अल्लाहने श्रद्धावंतांना आधीच कळविले आहे की भय, भूक, तसेच संपत्ती, प्राण आणि फळे यांच्या हानीने त्यांची परीक्षा घेतली जाईल, आणि शुभवार्ता सब्र करणाऱ्यांसाठी आहे. उन्मळून पडलेल्या पोफळींमध्ये उभ्या असलेल्या कोकणी माणसाला या आयतीतील ‘फळे’ हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मात्र सब्र या शब्दाचा अर्थ आपण बरेचदा चुकीचा घेतो. सब्र म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. पाय न डगमगता आपले कर्तव्य करीत राहणे म्हणजे सब्र.

मदीनेत मशीद उभी राहत असताना प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः विटा वाहत होते. त्या मशिदीचे छत खजुराच्या झावळ्यांचे होते. रमजानच्या एका रात्री पाऊस झाला, छत गळू लागले आणि प्रेषितांनी (स.) चिखलातच सजदा केला. सकाळी त्यांच्या कपाळावर माती दिसत होती, असे हदीसमध्ये येते. याच मशिदीला लागून सुफ्फा होता. घरदार नसलेले सहाबी तेथे राहत आणि ज्ञान घेत. झावळ्यांच्या त्या गळक्या छताच्या आश्रयाने इस्लामची एक पाठशाला चालली. छत भक्कम असावे, त्यासाठी घाम गाळावा, हे खरेच. परंतु शाळा म्हणजे छत नव्हे. शिकविणारे, शिकणारे आणि त्यांना परस्परांशी जोडणारी आपुलकी म्हणजे शाळा.

वादळानंतर मदतीचे हात पुढे आले, ही अल्लाहची कृपा. मुंबईत आणि आखातात नोकरी करणाऱ्या मुलांना आपल्या गावाची शाळा आठवली. पत्रे आले, कौले आली, भिंती रंगल्या. पुढे 23 नोव्हेंबर 2020 पासून राज्यात नववी ते बारावीचे आणि 27 जानेवारी 2021 पासून पाचवी ते आठवीचे वर्ग भरू लागले. आपण समाधानाने म्हणालो, शाळा उभी राहिली. पण हजेरीपटावरील किती नावांपुढे ‘हजर’ असा आवाज आला, हे किती जणांनी विचारले?

सूरह अन-नम्लमध्ये हजरत सुलैमान (अलै.) यांचा प्रसंग आहे. एवढ्या मोठ्या साम्राज्याचे धनी, पण पक्ष्यांची पाहणी करताना एक हुदहुद दिसला नाही, तर त्यांनी त्याची चौकशी केली. आणि मशीद झाडणाऱ्या एका साध्या स्त्रीची कथा बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. ती दिसेना, तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारपूस केली. ती वारल्याचे कळले. लोकांना ती बाब एवढी मोठी वाटली नव्हती, म्हणून त्यांनी कळविले नव्हते. प्रेषितांना (स.) ते आवडले नाही. त्यांनी तिची कबर विचारून घेतली आणि तेथे जाऊन तिच्यासाठी प्रार्थना केली. जो दिसत नाही त्याला शोधणे, ही सुन्नत आहे.

पोफळीचे रोप लावले तर सुपारी हाती येण्यास पाच-सहा वर्षे तरी जातात. वादळाच्या वर्षी पाचवीत असलेले मूल तेवढ्या काळात दहावी ओलांडते. वाडी गेली म्हणून बापाने मुलाला कामाला लावले, मुलीला घरी बसविले, तर वाडी एक दिवस पुन्हा फळेल, परंतु मुलांची ती वर्षे परत येणार नाहीत. बापाला दोष देणे सोपे आहे. पण त्याच्या दारात जाऊन विचारणारे कोणी होते का?

म्हणून, वाचकहो, एक विनंती आहे. वादळ आपल्या गावी आले असो वा नसो, पूर, आजारपण, बापाचा मृत्यू, बुडालेली नोकरी ही वादळे प्रत्येक मोहल्ल्यात येतात. जमातीच्या जबाबदार मंडळींनी शाळेच्या शिक्षकांसोबत बसून हजेरीपट वाचावा. गळालेले नाव मिंबरावरून पुकारू नये. संध्याकाळी दोघांनी त्या घरी जावे, सन्मानाने बोलावे आणि मदत अशी करावी की उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये. ते मूल कोणत्या धर्माचे आहे हे विचारू नये, कारण छप्पर उडविताना वाऱ्यानेही ते विचारले नव्हते. बांधलेल्या वर्गावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते. एका मुलीच्या एसटीच्या पासवर पाटी लागत नाही. परंतु जेथे खरा हिशेब होणार आहे, तेथे पाटी वाचली जात नाही, नियत पाहिली जाते.

अल्लाह आपणा सर्वांना आपल्यातून हरवलेल्यांची आठवण ठेवण्याची आणि त्यांच्या दारापर्यंत चालत जाण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.