ते रडलंच नाही

आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त नव्याने छापावयाचे ठरले आहे. प्रत्येक शाखेने आपापला तक्ता पाठवावा असे संपादकांचे पत्र आले आणि हुबळी-धारवाडकडील शाखेचे काम, वयाने ज्येष्ठ म्हणून, माझ्याकडे आले. जुनी आवृत्ती काढून बसलो. अशा ग्रंथांची रीत वाचकांना ठाऊकच आहे. मूळ पुरुष कोठून निघाला, कोण कोणाच्या पदरी राहिला, कृष्णा-घटप्रभा ओलांडून इकडे कोण कधी आला, कोणास किती मुले, त्यांतील कोणती ‘अल्पवयात निवर्तली’, हे सारे पिढीवार मांडलेले असते. (मुलींना ‘कन्या एक’, ‘कन्या तीन’ असे एका ओळीत गुंडाळण्याची जुनी पद्धत, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) माझ्या वडिलांच्या नावाखाली ‘पुत्र तीन, कन्या एक’ असे आहे. आईच्या हिशेबी आम्ही पाच होतो. १९४८ साली धारवाडास माळमड्डीतील आजोळच्या घरी तिला पहिला मुलगा झाला. सुईण अनुभवी होती. आजीने बाळाच्या कानाशी काशाची थाळी वाजवून पाहिली. त्या मुलाविषयी आई आयुष्यभर एकच वाक्य बोलत आली: ‘ते रडलंच नाही.’

‘तो’ नव्हे, ‘ते’. तान्ह्या मुलाला नपुंसकलिंगी संबोधण्याची आपल्या भाषेची मोठी गोड सवय आहे. पण आम्ही बाकीची भावंडे यथाकाल ‘तो’ आणि ‘ती’ झालो, ते मात्र ‘ते’च राहिले. आपल्या धर्मशास्त्रानेही अशा जिवाला फारसे स्थान दिलेले नाही. दोन वर्षांच्या आतील मुलास अग्नी द्यावयाचा नाही, पुरावयाचे. आणि जे मृतच जन्मले त्याला पिंड नाही, तर्पण नाही. शास्त्रकारांना यात निष्ठुरपणा अभिप्रेत असेल असे मला वाटत नाही. घरोघरी वर्षा-दोन वर्षांनी असे एखादे मूल जात असताना प्रत्येकाचे सुतक धरले असते तर घरे उभी राहिली नसती. पण त्यामुळे एक गोष्ट झाली. ‘मृत जन्मले’ हे शब्द उच्चारले की प्रश्न मिटू लागला. जे कधी जिवंतच नव्हते, ते कोणाच्या हातून गेले असे विचारायचे कारण उरले नाही.

हा प्रश्न मिटलेला नाही, हे मला माझ्या एका पुतणीने दाखविले. ती तालुक्याच्या गावी एका सरकारी रुग्णालयात परिचारिका होती. आता निवृत्त आहे. तिच्या नोकरीची वीसेक वर्षे झाल्यावर तिला नवजात बालकाच्या पुनरुज्जीवनाचे प्रशिक्षण मिळाले. तेथे शिकवायला एक बाहुली होती. तिच्यात पाणी भरले की ती खऱ्या बाळाएवढी जड होते आणि हातावर तशीच लुळी पडते. शिकवणाऱ्याच्या हाती रबराचे लहान फुगे असतात. एक दाबला की बाहुलीच्या नाळेत ठोका लागतो, दुसरा दाबला की छाती हलते, तिसरा दाबला की ती रडते. पुतणी सांगत होती: ‘काका, मी नाळ चिमटीत धरली. बाईंनी फुगा दाबला नि बोटांना ठोका लागला. बाहुली हलत नव्हती, रडत नव्हती, पण ठोका होता. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.’

ही बाहुली नॉर्वेतील लार्डाल या घराण्याच्या कंपनीची. तिचा संस्थापक आस्मुंड लार्डाल मूळचा खेळणी करणारा. बुडालेल्या माणसाला श्वास देण्याचा सराव करता यावा म्हणून त्याने १९६०च्या सुमारास प्रौढ आकाराची बाहुली केली. नवजात बाळाची बाहुली ही तिचीच धाकटी बहीण म्हणावयाची. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१० साली ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ नावाचा अभ्यासक्रम साधनांची टंचाई असलेल्या रुग्णालयांसाठी तयार केला, त्यात ही बाहुली आली. त्याच्या आदल्या वर्षी, २००९ साली, भारत सरकारनेही ‘नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम’ या नावाने दोन दिवसांचे प्रशिक्षण सुरू केले होते. शिकवायचे ते फार नसते. दहा बाळांत साधारण एकाला पहिल्या श्वासासाठी थोडीफार मदत लागते. कोरडे पुसावे, पाठ चोळावी, लागल्यास तोंड-नाक मोकळे करावे. तरी श्वास नसेल तर नाका-तोंडावर छोटा मुखवटा घट्ट बसवून हाताच्या पिशवीने मिनिटाला सुमारे चाळीस वेळा हवा द्यावी. हे सारे पहिल्या मिनिटाच्या आत सुरू व्हावे, म्हणून त्या मिनिटाला ‘सुवर्ण मिनिट’ म्हणतात. प्राणवायूचे नळकांडे नसले तरी साधी हवा बहुतेकांना पुरते. यात महागडे काही नाही, हेच मन अस्वस्थ करणारे आहे.

आता बेळगावची हकीकत. आपल्यापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवरील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. शिवप्रसाद गौडर आणि त्यांचे सहकारी यांनी कर्नाटकातील ग्रामीण आरोग्यकेंद्रे, जिल्हा व शहरी रुग्णालये येथील ५९९ प्रसूती-सेवकांना हे शिक्षण दिले आणि आधीच्या व नंतरच्या नोंदी ताडून पाहिल्या. त्यांचा निबंध २०१३ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आला. मृतजन्मांचे प्रमाण दर हजारी ३० होते ते २३ वर आले. त्यांतही ज्यांना ‘ताजे’ मृतजन्म म्हणतात, म्हणजे ज्या बाळांच्या अंगावर गर्भातच आधी मृत्यू झाल्याच्या खुणा नसतात, त्यांचे प्रमाण १७ वरून ९ वर आले. जन्मल्यानंतर पहिल्या महिन्यात दगावणाऱ्यांचा आकडा मात्र १८ वरून १९, म्हणजे होता तेथेच राहिला.

हे आकडे मी पुनःपुन्हा वाचले. पिशवी आणि मुखवटा मेलेल्याला उठवीत नाहीत. मग मृतजन्म कमी झाले ते कोठून? त्यांतली काही बाळे प्रसूतीच्या वेळी पोटातील ठोक्यांकडे अधिक लक्ष दिल्याने वाचली असतील. आधी-नंतरच्या तुलनेत अशी शंका राहतेच. परंतु सरळ अर्थ असा, की ‘मृत जन्मले’ म्हणून पूर्वी लिहिलेल्यांपैकी काही मृत नव्हती. त्यांचे हृदय चालू होते, श्वास थांबलेला होता, आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांना या दोहोंतील भेद दिसत नव्हता. शिवाय पहिल्या महिन्याचे मृत्यू वाढले नाहीत, म्हणजे ही बाळे चार दिवसांचे धनी होऊन गेली असेही नाही. पुतणीला जेवण का गेले नाही ते मला हे वाचल्यावर उमगले.

मी तिला तेव्हा म्हणालो होतो, ‘तुझा काय दोष? तुला कोणी शिकवलंच नव्हतं.’ तिने मान हलविली, पण तिचे समाधान झाले नाही. ते का झाले नसावे, याचा मी अनेक दिवस विचार केला. माझे उत्तर कायद्याच्या दृष्टीने बिनचूक होते. अज्ञानाने घडलेले आणि जाणून केलेले यांत आपले शास्त्रकार भेद करतात, प्रायश्चित्तही वेगळे सांगतात. महामहोपाध्याय काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात, १९५३ साली निघालेल्या चौथ्या खंडात, या चर्चेचा विस्तार आहे. पण प्रायश्चित्त हलके करतात, नाहीसे करीत नाहीत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ॲरिस्टॉटलने याला आणखी एक बाजू जोडली. अज्ञानाने जे घडले ते ऐच्छिक नव्हे हे खरे. परंतु मागाहून कळल्यावर ज्याला दुःख होते त्याचेच कृत्य खऱ्या अर्थाने इच्छेविरुद्ध घडले, असे तो म्हणतो. ज्याला काहीच वाटत नाही, त्याला तो हा शब्द द्यायला तयार नाही. म्हणजे पुतणीचे दुःख हा तिच्या निर्दोषत्वाचा पुरावा होता, आणि मी तिची समजूत घालून तोच काढून घेऊ पाहत होतो!

येथवर मागचे झाले. मला अधिक कठीण वाटतो तो पुढचा भाग. प्रशिक्षणाआधी न रडणारे मूल दैवाच्या खात्यावर जमा होत असे. प्रशिक्षणानंतर ते परिचारिकेच्या खात्यावर येते. दोन दिवसांत हा खातेपालट होतो, आणि तिच्या हातात एक प्रमाणपत्र देऊन शिकविणारे पुढच्या गावी जातात. यात काही अन्याय आहे का?

माझ्या मते आहे, आणि तो मोठा आहे. टांझानियातील हायडम या खेड्यातील रुग्णालयात हाच अभ्यासक्रम एका दिवसात शिकविला गेला. परिचारिका बाहुलीवर उत्तम उत्तीर्ण झाल्या. पण प्रसूतिगृहात त्यांच्या वागण्यात फरक पडला नाही, असे तेथल्या अभ्यासकांनीच २०१३ मध्ये लिहिले. नंतर बाहुली प्रसूतिगृहातच ठेवून दर आठवड्याला काही मिनिटांचा सराव सुरू झाला, तेव्हा पहिल्या चोवीस तासांतील मृत्यू दर हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. बुद्धीला एकदा कळलेले राहते, हाताला कळलेले राहत नाही. तबला शिकलेल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही, आणि धारवाडास तर नाहीच.

आपल्याकडे काय होते? पुतणीच्या रुग्णालयात बाहुली नव्हतीच. मुखवटा आणि पिशवी होती, ती कपाटात. कपाटाची किल्ली प्रमुख परिचारिकेच्या पदराला, कारण सामान हरवले तर पगारातून कापले जाईल ही भीती. रात्रपाळीला ती घरी. पुढे पुतणीने भांडून पिशवी प्रसूतीच्या टेबलाजवळ खिळ्याला टांगून घेतली, आणि वर्षाच्या आत तिची बदली नेत्रविभागात झाली. जिला हे येत होते ती डोळ्यांत थेंब घालू लागली, आणि जिला येत नव्हते ती प्रसूतिगृहात आली. यात दुष्ट असे कोणीच नव्हते. किल्ली सांभाळणारी बाई प्रामाणिक होती, बदल्या करणारा कारकून नियमाने चालत होता. पण न रडलेले मूल यांपैकी कोणाच्या हिशेबी धरावयाचे? एकीला ज्ञान दिले, साधन दुसरीच्या कमरेला, आणि सरावासाठी वेळ कोणाकडेच नाही, अशा ठिकाणी जबाबदारी वाटली जात नाही, ती सांडते. आणि शेवटी जी टेबलापाशी उभी असते तिच्याच अंगावर येते.

उलट गडचिरोलीचे उदाहरण घ्या. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच, थोडेफार शिकलेल्या बायकांना घरच्या घरी नवजात बाळ सांभाळायला शिकविले. श्वास न घेणाऱ्या बाळासाठी नळी-मुखवटा व पुढे पिशवी-मुखवटाही त्यांच्या हाती दिला. १९९९च्या ‘लॅन्सेट’मधील त्यांच्या निबंधानुसार त्या गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. त्या बायकांकडे रुग्णालयाची इमारत नव्हती. पण ती बाई त्याच गावची, पिशवी तिच्याच घरी, आणि तिला भेटून पुन्हा पुन्हा तपासणारे कोणी तरी नियमित येत होते. तिच्यावर भार टाकणारे स्वतः भाराखालून निघून गेले नव्हते. म्हणूनच २०१६ साली बेळगाव, नागपूर आणि केनिया येथील मोठ्या अभ्यासात केवळ प्रशिक्षणाने मृत्युदरात सर्वत्र सारखी घट दिसली नाही, याचे मला नवल वाटले नाही. प्रशिक्षण निरुपयोगी आहे असा त्याचा अर्थ काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. ते अर्धे वचन आहे.

महाभारतात अश्वमेधपर्वात परीक्षिताच्या जन्माची कथा आहे. उत्तरेचे बाळ निश्चेष्ट जन्मते, बायका आक्रोश करतात, आणि कृष्ण येतो. लहानपणी मला वाटे की तो चमत्कार करतो. पुढे मूळ वाचले तेव्हा दिसले की तो मंत्र-औषध काही करीत नाही. आपण थट्टेतही कधी असत्य बोललो नाही, युद्धाला पाठ दाखविली नाही, असे आपले आयुष्यभराचे आचरण एकेक करून सांगतो आणि त्याच्या बळावर हे बाळ जगो असे म्हणतो. त्या एका मिनिटासाठी त्याच्याजवळ आधीची सगळी वर्षे होती. पुतणीला ही कथा सांगितली तेव्हा ती हसली. म्हणाली, ‘काका, त्याची बदली नाही झाली कुठं.’

तिला मी शेवटी विचारले, प्रशिक्षणानंतर किती बाळांना श्वास दिला? तिला आकडा आठवत होता: नेत्रविभागात जाण्यापूर्वी अकरा, त्यांतली नऊ रडली. आधीच्या वीस वर्षांतली किती होती, हे मी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही. तेव्हा ती नोंद रजिस्टरात तांबड्या शाईने होत असे, एवढेच म्हणाली.

तक्ता मी मागील महिन्यात पाठविला. वडिलांच्या नावाखाली, माझ्या वर, एक आडवी रेघ वाढवून ‘पुत्र, धारवाड, १९४८’ असे लिहिले. संपादक मंडळाचे उलट टपाली पत्र आले आहे. मंडळी विनयशील आहेत. छापण्यास हरकत नाही, पण तक्त्याच्या पद्धतीप्रमाणे नाव लागते, ते कृपया कळवावे, असे त्यांनी लिहिले आहे.