मुक्कामाचा नेम

राहते घर विकून, सामानसुमान नातेवाइकांत वाटून टाकून आणि टपाल स्वीकारण्यापुरता एखादा पत्ता शिल्लक ठेवून चाकांवरच्या घरात बाराही महिने हिंडत राहावयाचे, हा आयुष्यक्रम अमेरिकेत आता कोणाला नवलाचा वाटत नाही. त्या गाडीला तेथे आरव्ही म्हणतात. तिच्यात निजण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानाची सोय असते. निवृत्त दांपत्ये, घरबसल्या संगणकावर काम करणारे तरुण, मुलाबाळांसह निघालेली कुटुंबे, अशी नाना प्रकारची माणसे या मार्गाला लागलेली आहेत. आरंभीचा काळ उल्हासात जातो, आणि पुढे केव्हा तरी त्यांच्यापैकी अनेकांच्या मनाला एक चमत्कारिक अवकळा येते. समोर भव्य दरी असते आणि ती पाहण्यासाठी गाडीतून उतरावेसे वाटत नाही. सरोवराचे नाव नवे असते, पण ते कालच पाहिल्यासारखे वाटते. या उबगावर जे उपाय सांगितले जातात ते शहाणपणाचे आहेत: राष्ट्रीय उद्यानांची गर्दी टाळून राज्यांची लहान उद्याने पाहावीत, हंगाम उलटल्यावर जावे, मोठे हमरस्ते सोडून आडवाटेने जावे. परंतु या सर्व उपायांच्या मुळाशी असे गृहीत आहे की नावीन्य हा स्थळाचा गुण आहे, आणि एका स्थळातले ते संपले म्हणजे दुसऱ्या स्थळी जाऊन मिळवता येते. हे गृहीत खरे आहे काय, हा प्रश्न मला धर्मचिंतनाचा वाटतो. कारण ज्यांनी भटकणे हेच व्रत मानले, त्या श्रमणांना आणि संन्याशांना अडीच हजार वर्षांपूर्वीच तो सोडवावा लागला होता.

प्रथम या जीवनाचा नित्यक्रम जवळून पाहू. मुक्कामाच्या जागी गाडी शिरली म्हणजे ती समपातळीवर आहे की नाही हे पाहावयाचे, एक बाजू खाली असेल तर त्या चाकांखाली ठोकळे सरकवावयाचे, गाडी घरंगळू नये म्हणून चाकांना अडसर लावावयाचे, विजेची जाड तार खांबाला जोडावयाची, पिण्याच्या पाण्याची नळी लावावयाची, आणि सांडपाण्याची व मैल्याची अशा दोन टाक्यांपैकी मैल्याची आधी रिकामी करावयाची, म्हणजे मागून सोडलेल्या सांडपाण्याने नळी धुऊन निघते. निघतेवेळी हेच सर्व उलट क्रमाने. पण या अंगमेहनतीने कोणी खचत नाही. खचवतो तो रोज संध्याकाळी नकाशापुढे बसून सोडवावा लागणारा प्रश्न: उद्या कोठे? नावाजलेल्या राष्ट्रीय उद्यानांतल्या कित्येक जागा सहा सहा महिने आधी राखून ठेवाव्या लागतात. सरकारी मोकळ्या जमिनीवर फुकट राहता येते, पण तेथे बहुतेक ठिकाणी चौदा दिवसांची मुदत असते आणि ती भरली की हद्दीबाहेर जावे लागते. म्हणून अनुभवी प्रवाशांनी स्वतःपुरता एक शिरस्ता घालून घेतला आहे: दिवसाची मजल तीनशे मैलांहून अधिक नसावी, दुपारी तीनच्या आत मुक्काम गाठावा, आणि तेथून तीन दिवस हलू नये. शरीराच्या शिणासाठी हा शिरस्ता उत्तम आहे. मनाच्या उबगावर मात्र तो पुरत नाही.

जॉन स्टाइनबेक या थोर कादंबरीकाराने १९६० साली एका मालमोटारीवर लहानसे घर बसवून, तिला डॉन किहोते या कादंबरीनायकाच्या घोड्याचे नाव देऊन आणि चार्ली नावाचा कुत्रा सोबत घेऊन अमेरिकेची प्रदक्षिणा केली. तिचा वृत्तांत १९६२ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याने नोंदवले आहे की घरी पोहोचण्याच्या पुष्कळ आधी, व्हर्जिनियातील अॅबिंग्डन या गावाजवळ, त्याचा प्रवास त्याला सोडून निघून गेला. रस्ता पुढे होता, मुलूख अनोळखी होता, गाडी ठाकठीक होती, आणि तरीही त्यापुढे त्याला काही दिसेनासे झाले. केवळ घर गाठावयाचे म्हणून तो अंतर कापीत राहिला. ज्याने आयुष्यभर माणसांकडे आणि मातीकडे डोळे भरून पाहिले, त्याचीही पाहण्याची शक्ती अशी एकाएकी मावळावी, ही गोष्ट मला फार विचार करण्यासारखी वाटते.

ख्रिस्ती तपस्व्यांना हा विकार चांगला ठाऊक होता. चौथ्या शतकाच्या अखेरीस इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या साधूने माध्यान्हीच्या एका पिशाच्चाचे वर्णन केले आहे. ते अंगात शिरले म्हणजे सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो, साधू वारंवार खिडकीकडे पाहू लागतो, राहत्या जागेचा त्याला तिटकारा येतो. मग ते पिशाच्च त्याच्या कानाशी लागून दुसऱ्या बऱ्या जागा सुचवते, आणि देवाची उपासना काय कोठेही करता येते, असा धर्मशास्त्राचा आधारही पुरवते. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे, की नव्या जागेची ओढ इव्हाग्रियस रोगाचे लक्षण म्हणून सांगतो, औषध म्हणून नव्हे. पुढे सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांचे चार प्रकार केले, तेव्हा एका मठात तीन-चार दिवस पाहुणचार घेऊन दुसऱ्या मठाकडे निघणाऱ्या भटक्यांना त्याने सर्वांत खालची पायरी दिली. आपल्याकडे पतंजलीने योगमार्गातील नऊ अंतराय सांगितले आहेत. त्यांतील शेवटचे दोन म्हणजे भूमीच न लाभणे आणि लाभलेल्या भूमीवर न टिकणे. ही भूमी चित्ताची खरी. पण चाकांवर राहणाऱ्यालाही हे दोन्ही अंतराय क्रमाने भोगावे लागतात.

यावर कोणी म्हणेल की आमची परंपरा तर चालणाऱ्याचाच गौरव करते. ऐतरेय ब्राह्मणातील इंद्राचा चालत राहण्याचा उपदेश आपण शाळेच्या भिंतींवर लिहितो आणि समारंभांतून ऐकवतो. पण तो कोणाला आणि कोणत्या प्रसंगी केलेला आहे, हे क्वचितच सांगितले जाते. हरिश्चंद्राने पुत्र व्हावा म्हणून वरुणाला नवस केला आणि झालेला पुत्रच त्याला बळी देण्याचे कबूल केले. तो पुत्र रोहित मोठा झाला, त्याने नकार दिला आणि धनुष्य घेऊन तो अरण्यात निघून गेला. इकडे वरुणाने बापाला धरले व त्याचे पोट फुगले. ते ऐकून मुलगा घराकडे वळला की वाटेत मनुष्यरूपाने इंद्र आडवा येई आणि हिंडत राहण्याचे माहात्म्य सांगे. असे पाच वेळा झाले. सहाव्या वर्षी त्या अरण्यात त्याला उपासमारीने गांजलेला अजीगर्त आणि त्याचे तीन मुलगे भेटले. शंभर गाई देऊन रोहिताने मधला मुलगा शुनःशेप आपल्याऐवजी यज्ञाच्या यूपाला बांधण्यासाठी विकत घेतला. पुढे देवतांच्या स्तुतीने शुनःशेप सुटला, हे त्याचे भाग्य.

आता या आख्यानात भटकंतीची स्तुती आहे हे निर्विवाद आहे; परंतु ज्याची स्तुती ऐकून आपण भारावतो, ते रोहिताचे भ्रमण एका न फेडलेल्या ऋणाच्या सावलीत चाललेले आहे. बापाने केलेला करार क्रूर होता आणि रोहिताने जीव वाचवला यात त्याचा दोष मी मानीत नाही. पण वर्षानुवर्षे चालूनही तो कोठे पोहोचत नाही, आणि जो मार्ग निघतो तो दुसऱ्याच्या दारिद्र्यावर पाय ठेवून. ऋण म्हणजे केवळ ओझे नव्हे, तो माणसाला माणसाशी बांधणारा धागाही आहे, असे मी समजतो. आणि तो धागा तोडून किंवा चुकवून केलेले भ्रमण लांबले म्हणजे उबगाला कारण होते.

परिव्राजकांनी हेच ओळखून आपल्या भ्रमणाला बंधने घालून घेतली होती. जैन साधूचा विहार नवकल्पी असतो: आठ महिन्यांत एका ठिकाणी एक महिन्याहून अधिक राहावयाचे नाही, आणि पावसाळ्याचे चार महिने एका जागेवरून हलावयाचे नाही. बौद्ध भिक्षू पावसात हिरवीगार शेते आणि बारीक जीव तुडवीत हिंडतात, अशी लोकांनी तक्रार केली तेव्हा बुद्धाने वर्षावासाची आज्ञा दिली, असे विनयात सांगितले आहे. अमेरिकन सरकारची चौदा दिवसांची मुदत आणि जैनांची एक महिन्याची मर्यादा यांत वरवर पाहता साम्य आहे. मात्र साधूला जितका चालण्याचा नियम आहे तितकाच थांबण्याचाही आहे, आणि दोन्ही त्याच्या इच्छेवर सोडलेले नाहीत. त्यामुळे उद्या कोठे, हा प्रश्न त्याचे आयुष्य कुरतडीत नाही.

याहूनही मोठे अंतर भिक्षेचे आहे. साधूजवळ साठवलेले काही नसते, म्हणून प्रत्येक गाव त्याला आवश्यक असते. कोणाच्या तरी दाराशी उभे राहिल्यावाचून त्याचा दिवस पार पडत नाही. नर्मदेची परिक्रमा तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांची सांगितली आहे. ती यथासांग करणाऱ्याला नदी ओलांडावयाची नसते आणि तीरावरच्या सदावर्तांचा शिधा घेत जावे लागते. आळंदीहून निघालेला वारकरी तर दरसाल सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण अशा त्याच त्या मुक्कामांवरून त्याच पंढरीला जातो. नव्या स्थळाचा तेथे लवलेशही नाही, आणि ती वाट जुनी झाली म्हणून कोणी वारी सोडल्याचे ऐकिवात नाही; कारण दिंडीत सोबत चालणारे, पाणी देणारे आणि ज्यांच्या ओसरीवर पाठ टेकावयाची ते लोक त्या वाटेवर असतात. उलट आरव्हीची सारी रचना कोणाची गरज पडू नये यासाठी आहे: छपरावर सूर्यविजेचे फलक, पोटात शंभर-दीडशे लिटर पाणी, शीतकपाटात आठवड्याचे अन्न. ही स्वयंपूर्णता मोठ्या कौशल्याने साधलेली आहे. परंतु तिच्यामुळे गाव नाहीसे होऊन फक्त देखावा उरतो, आणि देखावा माणसाच्या मनाला किती काळ पुरणार?

अमेरिकेतील जाणत्या भटक्यांनी आपापल्या परीने ही उणीव भरून काढली आहे. कोणी एखाद्या वनखात्याच्या तळावर सबंध उन्हाळा यजमान म्हणून राहतो, येणाऱ्यांना जागा दाखवतो, शौचालये झाडतो, आणि मोबदल्यात त्याला गाडी उभी करण्याची जागा मिळते. कोणी सप्टेंबरअखेर नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटाच्या सीमेवरील रेड नदीच्या खोऱ्यात बीटच्या काढणीच्या कामाला जातो. अॅरिझोनातील क्वार्ट्झसाइटच्या रखरखीत माळावर, १९८३ पासून चालत आलेल्या योजनेनुसार, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल हंगामाचा परवाना काढून राहता येते, आणि तेथे दर हिवाळ्यात त्याच शेजाऱ्यांजवळ तळ ठोकणारे पुष्कळ आहेत. त्याच गावात, लष्कराच्या उंटांबरोबर १८५६ साली अमेरिकेत आलेल्या हाजी अली नावाच्या सारवानाची समाधी आहे. तिच्या दगडी पिरॅमिडवर तांब्याचा उंट बसवलेला आहे. आयुष्यभर मुलूख तुडवलेल्या त्या माणसाला १९०२ साली गावाने आपल्या मातीत जागा दिली, ही मला त्या गावाची भूषणास्पद गोष्ट वाटते. टेक्ससमध्ये लिव्हिंग्स्टन येथे तर १९७८ साली स्थापन झालेल्या एस्केपीज या भटक्यांच्या संघाने, वार्धक्यामुळे किंवा आजारामुळे ज्यांना गाडी हाकता येत नाही अशांसाठी शुश्रूषेची व्यवस्था केली आहे. त्यांना आपली गाडी सोडावी लागत नाही; जेवण आणि देखभाल शेजारीच मिळते.

ज्यांना २००८ च्या मंदीत घर गमवावे लागले आणि म्हणून जे गाडीत राहू लागले, त्यांना मी यांतले काही सांगत नाही. त्यांचा प्रश्न न्यायाचा आहे, उबगाचा नाही. माझे बोलणे आहे ते हौसेने आणि विचारपूर्वक निघणाऱ्यांशी. त्यांत आता अमेरिकेत आयुष्य घालवून निवृत्तीला आलेले मराठी लोकही असतील. त्यांना माझी विनंती आहे, की गाडी पसंत करण्यापूर्वी आणि नकाशावर खुणा करण्यापूर्वी वर्षातले चार महिने कोणत्या एका गावी राहणार, आणि तेथे कोणाच्या उपयोगी पडणार, हे आधी ठरवावे. उरलेल्या आठ महिन्यांची वाट मग सवडीने आखता येईल.